स्लरी पंप: घेण्याआधी काय मोजायचं, घेतल्यावर कसा सांभाळायचा

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लोखंडी तुकडा ठेवलेला असतो. स्लरी पंप म्हणजे वाळू, राख किंवा गाळ मिसळलेलं पाणी ढकलणारा पंप. अशा एका पंपाच्या थ्रोटबुशचा, म्हणजे सक्शनच्या (पाणी आत येतं त्या) तोंडाशी इम्पेलरसमोर (आत फिरणाऱ्या पात्यांच्या चाकासमोर) बसणाऱ्या लायनरचा, बदलता येणाऱ्या अस्तराचा, तो तुकडा आहे. एका कडेला तो बोटभर जाड आहे. अंगठा फिरवत दुसऱ्या कडेला गेलं की तो पातळ होत होत सुरीच्या पात्यासारखा होतो. मधे वाळूने कोरलेल्या नागमोडी खाचा आहेत, अगदी ओढ्याच्या कातळावर असतात तशा. हा माल हाय क्रोमचा, म्हणजे २७ टक्के क्रोमियमचं कास्टिंग. कानशीसुद्धा त्याच्यावर घसरते. तरी वाळू धुण्याच्या प्लँटवर तो काही आठवड्यांत संपला.

मालक म्हणाले, ‘कास्टिंग खराब आलं.’ कास्टिंगमध्ये दोष नव्हता. पंप लहान घेतला होता आणि तो मीच सुचवला होता. त्या चुकीनंतर मी पंपाचा कॅटलॉग उघडण्याआधी बादली आणि वजनकाटा हातात घ्यायला लागलो. हा लेख त्याच क्रमाने जातो.

नाशिकच्या आसपास असे पंप बरेच आहेत. सारूळ, विल्होळीकडचे क्रशर, सिन्नरचे कारखाने, सांडपाण्याचे प्रकल्प आणि राख पाण्यात कालवून ढकलणारं एकलहऱ्याचं वीज केंद्र. मी इथे मुख्यतः क्रश सँड धुण्याच्या प्लँटचं उदाहरण घेतो, कारण दगडाची वाळू पंपाला सगळ्यात जास्त खाते. सिंहस्थाच्या कामांमुळे या वाळूला मागणी आहे आणि नवे वॉशिंग प्लँट बसवणारे लोक रोज तेच प्रश्न विचारतात. आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे दगड फोडून केलेल्या वाळूत १५० मायक्रॉनखालचा माल २० टक्क्यांपर्यंत चालतो. त्याहून जास्त भुकटी निघाली की ती धुवावी लागते. धुणं आलं की पाणी आणि वाळू एकत्र उचलणारा पंप आला.

आधी बादली, मग कॅटलॉग

पंपातून काय जाणार आहे याची तीन माणसं तीन उत्तरं देतात. मालक म्हणतो ‘पाणीच आहे, थोडी वाळू’. ऑपरेटर म्हणतो ‘निम्मी वाळू’. विक्रेता स्वतःच एक आकडा धरून मोकळा होतो. म्हणून मोजा.

एक लिटरचं डबडं घ्या. कडेपर्यंत पाणी भरून त्याचं वजन करा आणि ते बरोबर एक किलो भरेल अशा ठिकाणी खूण करा. चालू प्लँट असेल तर डिस्चार्जच्या, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या पाइपच्या, पडत्या धारेत डबडं आडवं फिरवून भरा. हौदातून बुडवून घेतलेला नमुना फसवा असतो, कारण जड वाळू तळाला गेलेली असते. पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या वेळी घ्या. सकाळी फीडर (वाळू सोडणारं यंत्र) सुरू करतानाचा नमुना आणि दुपारचा नमुना यांत जो फरक दिसतो, तो पाहून बरेच जण चकित होतात.

आता दगडाची सापेक्ष घनता. मोजणीच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या, त्यात एक किलो कोरडी वाळू सोडा, बुडबुडे जाईपर्यंत हलवा. पाणी ३४५ मिलिलिटरने वर आलं, तर हजार भागिले ३४५, म्हणजे २.९. आपला काळा बेसाल्ट साधारण २.८ ते ३.० च्या दरम्यान येतो.

आता हिशेब. डबड्यातल्या मिश्रणाचं वजन १२४५ ग्रॅम भरलं असं धरा. पाण्यापेक्षा जास्तीचे २४५ ग्रॅम. त्याला २.९ ने गुणा, १.९ ने भागा. उत्तर सुमारे ३७४ ग्रॅम, एवढी कोरडी वाळू एका लिटरमध्ये आहे. ३७४ भागिले १२४५ म्हणजे वजनाने ३० टक्के. तीच वाळू आकारमानाने मात्र १३ टक्क्यांच्या आतच आहे. ‘तीस टक्के’ म्हणताना वजनाने की आकारमानाने, हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

तिसरी गोष्ट कणाची. नमुना वाळवून ४.७५ मिलिमीटरपासून ७५ मायक्रॉनपर्यंतच्या चाळण्यांतून काढा. वजनाने निम्मा माल ज्या आकाराखाली आहे तो मधला कण, आणि सगळ्यात मोठा खडा केवढा तेही पाहा. मधल्या कणावरून पंपाचं हेड, म्हणजे पंप किती मीटर उंच चढवू शकतो तो आकडा, किती पडेल ते कळतं. मोठ्या खड्यावरून रबरी लायनर चालेल का ते कळतं.

जाता जाता दगडाबद्दल एक सांगतो. बेसाल्ट एकसारखा नसतो. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि गारगोटीच्या जातीचे खनिज भरलेले असतात. त्यांचे सुंदर नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहायला मिळतात. झिओलाइट मऊ असतात. गारगोटी मात्र काठिण्यात ७ च्या आसपास, म्हणजे बेसाल्टपेक्षाही वरचढ असते. खाणीत गारगोटीच्या पांढऱ्या गाठींचा थर लागला की तोच पंप, तोच वेग, तरी लायनर लवकर जातात. खाणीचा पट्टा बदलला की ती तारीख पंपाच्या वहीत टाका.

पाण्याचा आलेख वाळूला कसा लावायचा

कॅटलॉगमधला आलेख स्वच्छ पाण्यावर काढलेला असतो. वाळू आली की पंप तेवढं हेड देत नाही. पाणी इम्पेलरच्या वेगाशी जुळवून घेतं, जड कण मागे रेंगाळतो आणि त्याला ढकलण्यात पंपाची शक्ती जाते. कण जेवढा मोठा, जड आणि संख्येने जास्त, तेवढी घट जास्त.

या घटीसाठी केव्ह यांचं १९७६ चं सूत्र अजून वापरात आहे. सापेक्ष घनता ‘घ’, वजनी टक्केवारी ‘ट’ आणि मधला कण मिलिमीटरमध्ये ‘क’ धरा:

हेडमधली घट = ०.०००३८५ × (घ − १) × (१ + ४ ÷ घ) × ट × लॉग (क ÷ ०.०२२७)

लॉग नैसर्गिक घ्यायचा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तो असतो. आपल्या उदाहरणात घ २.९, ट ३० आणि क ०.५ मिलिमीटर. उत्तर ०.१६, म्हणजे पंप पाण्यावर जेवढं हेड देतो त्याच्या ८४ टक्केच वाळूवर देणार. तोच माल ०.१५ मिलिमीटरचा असता तर घट १० टक्के, आणि ०.०५ मिलिमीटरची भुकटी असती तर फक्त ४ टक्के. राखेचे कण बारीक आणि हलके, सापेक्ष घनता २.१ धरली आणि २५ टक्के मिश्रण असलं तरी घट दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जात नाही. राखेवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस वाळूच्या पंपाला कमी लेखतो त्याचं कारण हे आहे. सूत्र मधल्या आकाराच्या पंपांसाठी ठीक आहे. पंप मोठा असेल तर प्रत्यक्ष घट याहून कमी येते.

आता पूर्ण उदाहरण. तासाला १२० घनमीटर मिश्रण उचलायचं आहे. हौदातल्या पातळीपासून वर १४ मीटर चढ. ८० मीटर पाइपचं घर्षण साधारण ८ मीटर, बेंड वगैरे २ मीटर. एकूण २४ मीटर. हे मिश्रणाच्या स्तंभाचं हेड झालं. कॅटलॉगमध्ये शोधायचं हेड २४ भागिले ०.८४, म्हणजे साडेअठ्ठावीस मीटर. ही पायरी गाळली की पंप बसतो, फिरतो आणि वर धार येत नाही.

मोटरचं गणित करताना दोन गोष्टी एकदम वाढतात: मिश्रण जड असतं आणि पंपाची कार्यक्षमताही हेडच्याच प्रमाणात पडते. पाण्यावर ६० टक्के असेल तर इथे ५० टक्के धरा. मग १.२४५ × ९.८१ × ०.०३३३ × २४ ÷ ०.५०४, म्हणजे सुमारे साडेएकोणीस किलोवॉट. ३० एचपीची मोटर २२ किलोवॉटची, कागदावर पुरते. पण फीडर एकदम भरला, मिश्रण चाळीस टक्क्यांवर गेलं की ती बसते. इथे ४० एचपी घ्या.

प्रेशर गेजच्या बाबतीत एक चूक अनुभवी लोकही करतात. गेज ३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाखवतोय म्हणजे हेड ३० मीटर, असं म्हणतात. ते पाण्याला खरं आहे. आपलं मिश्रण १.२४५ आहे, म्हणून ३ किलो म्हणजे २४ मीटरच. गेजच्या नळीत वाळू बसू नये म्हणून मधे पडदा असलेला गेज लावा, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून काटा एकाच जागी उभा दिसेल.

लहान पंप स्वस्त का पडत नाही

माझी चूक इथे झाली होती. १२० घनमीटरला मी ४/३ चा पंप सुचवला, सक्शन चार इंच आणि डिस्चार्ज तीन इंच. वेग वाढवून हेड मिळत होतं आणि ६/४ पेक्षा किंमत बरीच कमी होती. मला वाटलं, पैसे वाचवून दिले.

तीन इंचाच्या तोंडातून तासाला १२० घनमीटर म्हणजे सेकंदाला ७ मीटरच्या वर वेग. चार इंचातून तोच प्रवाह ४ मीटरने जातो. झीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ती साधारण अडीच ते तीन घाताने वाढते. वेग पावणेदोन पट झाला की झीज चौपट. टेबलावरचा तुकडा त्याच चौपट झिजेचा आहे.

‘मोठा पंप हळू फिरतो म्हणून टिकतो’ असं सगळे म्हणतात. त्यात अर्धंच खरं आहे. हेड ठरलं की इम्पेलरच्या टोकाचा वेग जवळपास ठरतो, पंप मोठा असो की लहान. मोठ्या इम्पेलरला फेरे कमी लागतात, पण टोक तेवढ्याच वेगाने धावतं. मोठ्या पंपाचा खरा फायदा आतल्या वाटा रुंद असतात हा, आणि भिंती जाड असतात हा. टोकाचा वेग कमी करायचा असेल तर हेडच कमी करावं लागतं: चढ कमी करा, बेंड कमी करा, आणि व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून पंप चालवणं तर आजच थांबवा. जास्तीचं हेड व्हॉल्व्हमध्ये मारण्याऐवजी पुली बदला. फेरे १० टक्के उतरवले तर हेड १९ टक्के उतरतं, वीज २७ टक्के वाचते आणि झीज पाव हिश्श्याने कमी होते. एक पुली आणि बेल्टचा संच एवढ्याच खर्चात हे होतं. इतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही.

टोकाचा वेग काढायचं सूत्र सोपं: ३.१४ × इम्पेलरचा व्यास मीटरमध्ये × फेरे ÷ ६०. ३६५ मिलिमीटरचा इम्पेलर मिनिटाला १२०० फेऱ्यांवर सेकंदाला २३ मीटर धावतो. रबरी इम्पेलरची मर्यादा साधारण २५ ते २७ मीटर, हाय क्रोमची ३८ च्या आसपास.

रबर की हाय क्रोम? कण बारीक आणि गोलसर असेल तर रबर धातूपेक्षाही चांगलं टिकतं, कारण कण आपटून उसळी घेतो. क्रशरच्या वाळूला धारदार कडा असतात. ती रबर कापते, आणि पाच-सहा मिलिमीटरचा खडा किंवा जाळीचा तुटलेला तुकडा आला तर लायनरची सालच निघते. तेल, डिझेल मिसळलेल्या पाण्यातही रबर फुगतं. म्हणून वाळू उचलणाऱ्या पंपाला हाय क्रोम, आणि सायक्लोनच्या, म्हणजे पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणाऱ्या शंकूच्या, वरून निघणारा बारीक गाळ ढकलणाऱ्या पंपाला रबर. एकाच प्लँटवर दोन वेगळे पंप असणं यात काही चुकीचं नाही.

पाइप मोठा घेतला की काय होतं

एका क्रशरच्या मालकांनी घर्षण वाचावं म्हणून १६० मिलिमीटरचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप टाकला. हेतू चांगला होता. चौथ्या दिवशी लाइन जाम. पाइप जोडावर कापला तेव्हा आतला खालचा अर्धा भाग वाळूने घट्ट भरलेला होता, पहारीशिवाय निघत नव्हता.

वाळू पाइपात तरंगत राहायला एक किमान वेग लागतो. दुरांद यांच्या सूत्राने तो काढता येतो: २ × ९.८१ × पाइपचा आतला व्यास × (घ − १) याचं वर्गमूळ, गुणिले एक गुणक. आपल्या अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूला गुणक १.३ धरा. १२५ मिलिमीटरच्या, ६ किलो दाबाच्या पाइपचा आतला व्यास ११० मिलिमीटर. किमान वेग २.६ मीटर प्रति सेकंद, आणि १२० घनमीटरला प्रत्यक्ष वेग ३.५. छान चालेल. १४० चा पाइप घेतला तर किमान २.८ आणि प्रत्यक्षही २.८, म्हणजे काठावर. १६० ला किमान ३ आणि प्रत्यक्ष २.१. तिथे वाळू बसणारच. मोठा पाइप किमान वेग वाढवतो आणि प्रत्यक्ष वेग कमी करतो, दोन्ही बाजूंनी मारतो.

उलट टोकाला, वेग साडेचारच्या पुढे गेला की पाइपचे बेंड फुटायला लागतात. किमान वेगाच्या वर २० ते ३० टक्के ठेवा.

हौद आणि सक्शन

हौदाच्या भिंती तळाकडे किमान ४५ अंशांच्या उताराच्या करा, नाहीतर कोपऱ्यात साठलेली वाळू मधूनच ढासळते आणि पंपात एकदम लोंढा जातो. पंप हौदाच्या पातळीखाली, सक्शन पाइप आखूड आणि सरळ. वरून पडणारी धार सक्शनच्या तोंडावर पडू देऊ नका, तिच्यासोबत हवा जाते. रिड्यूसर, म्हणजे मोठा पाइप लहान तोंडाला जोडणारा तुकडा, लावायचा तर वरची बाजू सपाट असलेला लावा, नाहीतर हवेचा फुगा तिथे अडकतो.

पंप पातळीच्या वर ठेवून पाणी ओढायचा विचार असेल तर नाशिकची उंची लक्षात घ्या. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत. हवेचा दाब इथे १०.३ नाही, साधारण ९.६ मीटर पाण्याएवढा. १.२४५ च्या मिश्रणाला तो पावणेआठ मीटरच उरतो. त्यातून पंपाची स्वतःची गरज आणि सक्शनचं घर्षण वजा केलं की हातात फार काही राहत नाही. आत खडखड आवाज येतो आणि इम्पेलरच्या पात्यांच्या सुरुवातीला जाळीसारखी भोकं पडतात.

पहिल्यांदा चालू करताना

हे लक्ष देऊन वाचा. बहुतेक स्लरी पंपांचा इम्पेलर शाफ्टवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. मोटर उलटी फिरली की इम्पेलर सुटतो, पुढे सरकतो आणि थ्रोटबुशमध्ये घुसतो. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं. पावसाळ्यात केबल बदलली, वायरमनने फेज उलटसुलट जोडले, ऑपरेटरने नेहमीसारखं बटण दाबलं. एक मोठा ठोका आणि नंतर शांतता. नवा इम्पेलर, नवं थ्रोटबुश, शाफ्टच्या आट्या, तिन्ही गेले. तेव्हापासून माझा नियम आहे: मोटर, केबल, स्टार्टर, काहीही उघडलं गेलं असेल तर बेल्ट काढायचे, मोटर एकटी फिरवून दिशा बघायची, मगच बेल्ट चढवायचे. पंधरा मिनिटं जातात.

बेल्ट चढवल्यावर शाफ्ट हाताने फिरतो का पाहा. ग्लँडचं पाणी आधी सुरू करा. पंप स्वच्छ पाण्यावर चालू करा, वर धार आली की मगच वाळूचा फीडर.

शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथे गळती थांबवायला दोरीचं पॅकिंग भरलेलं असतं, ती ग्लँड. ग्लँडचं पाणी म्हणजे त्या पॅकिंगमध्ये सोडलेलं स्वच्छ पाणी. त्याचा दाब पंपाच्या डिस्चार्जच्या दाबापेक्षा ०.३५ ते ०.७ किलो जास्त हवा. आपल्या उदाहरणात साडेतीन किलोच्या आसपास. दाब कमी पडला तर पंपातली वाळू उलटी पॅकिंगमध्ये शिरते आणि शाफ्टवरची स्लीव्ह (संरक्षक नळी) लेथवर फिरवल्यासारखी कापते. बरेच जण हे पाणी वरच्या टाकीतून सोडतात. टाकी १० मीटरवर असेल तर दाब एकच किलो, त्याचा उपयोग नाही. छोटा वेगळा पंप लावा. आणि पाणी खरंच स्वच्छ हवं. तळ्यातलं गढूळ पाणी ग्लँडला देणं म्हणजे स्वतः वाळू भरणं. ग्लँड आवळून कोरडी करू नका, थेंब पडत राहिले पाहिजेत. ग्लँडचं पाणीच न लागणारे, मागे एक्स्पेलर, म्हणजे मिश्रण ग्लँडपासून मागे फेकणारं छोटं चाक, असलेले पंपही मिळतात. पण व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) वेग फार उतरवला की एक्स्पेलरची ताकद संपते आणि मागून गळती सुरू होते.

बंद करताना उलटा क्रम: आधी फीडर बंद, मग धार स्वच्छ येईपर्यंत पाण्यावर चालवा, मग पंप. लाइट अचानक गेली तर उभ्या पाइपातली वाळू खाली येते आणि बेल्ट काही वेळ उलटे फिरताना दिसतात. त्या वेळी लाइट परत आली तरी बटण दाबू नका, बेल्ट थांबू द्या. मग पंपाखालचा ड्रेन उघडून वाळू काढा आणि शाफ्ट हाताने मोकळा करा.

रोज मिळणारी फुकटची चाचणी

पंप आतून किती झिजला हे उघडल्याशिवाय कळतं का? कळतं. मिश्रणावर घेतलेले आकडे फसवे असतात, कारण घनता दर तासाला बदलते. पण संध्याकाळी पंप धुताना पाच मिनिटं तो स्वच्छ पाण्यावर चालतोच. त्या वेळी तीन आकडे लिहा: टॅकोमीटरवर फेरे, गेजवर दाब, क्लॅम्प मीटरवर अँपिअर. घनतेचा घोळ नाही, म्हणून आजचा आकडा आणि महिन्यापूर्वीचा आकडा सरळ तुलना करण्यासारखा असतो. फेरे तेच असताना दाब दहा टक्के उतरला की इम्पेलर आणि थ्रोटबुशमधली फट वाढली आहे. फेरेच कमी असतील तर बेल्ट सरकतोय, पंपाला बोल लावू नका.

चालू कामातही दाब आणि अँपिअर एकत्र वाचले की पुष्कळ कळतं. दाब वाढला, अँपिअर उतरले: पुढे लाइन भरत चालली आहे. दोन्ही वाढले: मिश्रण घट्ट झालं, फीडर कमी करा. दोन्ही उतरले: सक्शन अडलंय, हवा जातेय किंवा हौद रिकामा होतोय. दाब उतरला आणि अँपिअर वाढले: पाइप कुठेतरी फुटून प्रवाह मोकाट वाहतोय, किंवा आत इम्पेलर घासतोय.

फट बसवणं

झिजेचा सगळ्यात मोठा अड्डा ही फट आहे. इम्पेलरच्या बाहेरच्या दाबाचं मिश्रण या फटीतून परत सक्शनकडे येतं. फट एक मिलिमीटर असेल तर थोडंच येतं. तीन मिलिमीटर झाली की प्रवाह वाढतो, मोठे कणही शिरतात आणि फट स्वतःलाच आणखी रुंद करते. म्हणून ती वाढायची वाट पाहू नका. नवे भाग बसवल्यावर पहिल्या आठवड्यातच एकदा जुळवा, मग दाब उतरेल तसं.

पंप बंद, मेन स्विचला कुलूप आणि चावी स्वतःच्या खिशात. बेअरिंग हाउसिंगचे क्लॅम्प बोल्ट सैल करा. एका हाताने शाफ्ट फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने मागचा ॲडजस्टिंग नट फिरवून पूर्ण हाउसिंग पुढे ढकला. इम्पेलर थ्रोटबुशला टेकला की हाताला खरखर जाणवते आणि कानालाही ऐकू येते. तिथून अर्धा ते एक मिलिमीटर मागे घ्या. डायल गेज असेल तर उत्तम, नसेल तर हाउसिंग आणि फ्रेममधलं अंतर व्हर्नियरने आधी आणि नंतर मोजा. बोल्ट आवळा, शाफ्ट पुन्हा फिरवून पाहा. आवळताना हाउसिंग सरकतं, म्हणून ही शेवटची पाहणी सोडू नका. रबरी लायनरच्या पंपाला पद्धत वेगळी: आधी पुढे टेकवा, मग मागे टेकवा, एकूण सरक मोजा आणि बरोबर मधे ठेवा.

उघडल्यावर काय वाचायचं

पंप खोलला की भाग लगेच भंगारात टाकू नका, धुऊन रांगेत मांडा. थ्रोटबुशवर भोवऱ्यासारख्या खाचा असतील तर फट वेळेवर जुळवली गेली नाही. व्हॉल्यूट लायनरच्या (इम्पेलरभोवतीच्या गोल अस्तराच्या) जिभेवर, म्हणजे डिस्चार्ज सुरू होतो त्या टोकावर, एकाच बाजूने खोल खड्डा असेल तर पंप त्याच्या योग्य प्रवाहापासून दूर चालतोय. प्रवाह फार कमी असेल तर मिश्रण आतच गरगर फिरतं, फार जास्त असेल तर जिभेच्या दुसऱ्या बाजूवर आपटतं. इम्पेलरची पाती सुरुवातीला बोथट आणि टोकाला पातळ झाली असतील तर ती सरळ प्रामाणिक झीज आहे, आयुष्य संपलं. इम्पेलरच्या मागच्या छोट्या पात्या गेल्या असतील तर ग्लँडवर दाब येतो आणि स्लीव्ह लवकर जाते. स्लीव्ह दोनदा लागोपाठ गेली तर तिसरी मागवण्याआधी इम्पेलरची पाठ बघा.

इथे जीवाशी खेळ होणाऱ्या दोन गोष्टी. इम्पेलर शाफ्टवर जाम झाला की फिटर गॅस पेटवतो. कधीही करू नका. इम्पेलरच्या मध्यात पोकळी असते, तिच्यात अडकलेलं पाणी आणि ग्रीस तापून तो फुटू शकतो. आट्या सोडवायला रिलीज कॉलर असते, आधी ती काढा, मग इम्पेलर ढिला होतो. दुसरं, सक्शन आणि डिस्चार्ज दोन्ही बंद किंवा जाम असताना पंप चालू ठेवू नका. आतलं पाणी उकळतं, वाफेला वाट नसते आणि केसिंग स्फोटासारखं फुटतं. लाइन जाम झाल्यावर ‘थोडं चालवून बघू, सुटेल’ असं म्हणणाऱ्या ऑपरेटरला हे समजावून सांगा.

स्टोअरमध्ये थ्रोटबुश दोन, इम्पेलर एक, व्हॉल्यूट लायनर एक, स्लीव्ह दोन, ग्लँडची दोरी आणि बेल्टचा पूर्ण संच ठेवा. बेल्ट एकेक बदलू नका, नवा जुन्यासोबत लावला की सगळा भार नव्यावर येतो. दर वेळी भाग काढला की त्याचं वजन करून वहीत लिहा: नवा असताना किती, काढताना किती, मधे किती तास चालला. तीन थ्रोटबुश झाले की तासाला किती ग्रॅम लोखंड जातं याचा तुमच्या खाणीचा, तुमच्या वाळूचा आकडा तयार होतो. तो कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही. पुली बदलून वेग उतरवला, तर पुढच्या थ्रोटबुशचं वजन त्याच पानावर, त्याच्या खालच्या ओळीत लिहा.